अंश आणि छेद

५ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या रोजच्या पत्रकार परिषदेत सहसचिव लव अगरवाल यांनी दोन आकडे सांगितले. देशातले कोरोनाबाधित तेव्हा ४.१ दिवसांत दुप्पट होत होते. तबलिगी जमातीशी संबंधित रुग्ण नसते तर दुप्पट व्हायला ७.४ दिवस लागले असते. पुढे १८ एप्रिलला आणखी एक आकडा आला. १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे २९.८ टक्के, दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या मरकजशी, म्हणजे जमातीच्या मुख्यालयाशी, जोडलेले होते. यातला एकही आकडा बनावट नव्हता. त्या महिन्यात फिरलेल्या खोट्या व्हिडिओंचा समाचार घेणं सोपं आहे आणि तो बऱ्याच जणांनी घेतलाही. अवघड गोष्ट वेगळी आहे: खऱ्या आकड्यातून खोटं कसं तयार होतं, आणि ते तयार करणाऱ्यालाही आपण खोटं बोलतोय असं का वाटत नाही. म्हणून हा वाद आपल्याकडच्या जुन्या रीतीनं, आधी पूर्वपक्ष पुरता मांडून मग उत्तरपक्ष, असा घालावा असं ठरवलं. पूर्वपक्षाला नाना म्हणू, उत्तरपक्षाला ताई. हे दोघं कुठल्याही गावात राहत नाहीत. नाना बँकेतून निवृत्त झालेले, ताईंची हयात संख्याशास्त्र शिकवण्यात गेलेली, एवढंच त्यांचं चरित्र. माझा कल ताईंकडे आहे हे आधीच सांगतो. पण नानांना मी कागदी वाघ केलेलं नाही. दोन-तीन ठिकाणी ते ताईंना गप्प करतात आणि तिथं त्यांचंच बरोबर आहे.

नाना सुरुवात तारखांपासून करतात. “ताई, तुम्ही गणिताची माणसं, तेव्हा तारखा बघा. १३ मार्चला दिल्ली सरकारनं दोनशेहून जास्त माणसांच्या जमावाला मनाई केली. १६ मार्चला ती मर्यादा पन्नासवर आली, आणि त्यात धार्मिक कार्यक्रम स्पष्टपणे धरले होते. २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून टाळेबंदी. तरी १ एप्रिलपर्यंत निजामुद्दीनच्या त्या एका इमारतीतून तेवीसशेहून जास्त माणसं बाहेर काढावी लागली. त्याआधी फेब्रुवारीअखेर मलेशियात, क्वालालंपूरला, याच जमातीचं सोळा हजारांचं संमेलन झालं होतं आणि तिथं साथ भडकली होती. म्हणजे ठेच लागलेली होती. आपल्याकडे वसईला मार्चच्या मध्यावर यांचाच इज्तिमा व्हायचा होता, पन्नास हजार माणसं येतील असा अंदाज होता. महाराष्ट्र सरकारनं परवानगी काढून घेतली आणि तो झाला नाही. जे वसईला टळलं ते दिल्लीला टळलं नाही. निजामुद्दीनहून परतलेली सहा माणसं तेलंगणात मेली, तेव्हा कुठं देशाला जाग आली. आता याला बेजबाबदारपणा म्हणायचं की नाही? आणि म्हटलं की आम्ही लगेच द्वेष्टे?”

ताई यातलं काहीच नाकारत नाहीत, आणि नाकारू नयेच. वसईची परवानगी काढून घेणं योग्य होतं. दिल्लीत तेच व्हायला हवं होतं. ते झालं नाही याचा जाब मरकजच्या व्यवस्थापनाला विचारायचा, परदेशी प्रवाशांना व्हिसा देणाऱ्यांना विचारायचा, आणि निजामुद्दीनचं पोलीस ठाणं त्या इमारतीला लागूनच आहे, तेव्हा त्यांनाही. १३ मार्चलाच, दिल्लीचा आदेश निघाला त्याच दिवशी, केंद्रीय आरोग्य मंत्रालय कोरोना ही आरोग्य-आणीबाणी नाही असं सांगत होतं, हेही त्याच पानावर लिहावं लागेल. पण ताईंचा मुद्दा पुढचा आहे. “नाना, तुमच्या बँकेच्या शंभर शाखा आहेत असं धरा. एका शाखेत गडबड झाल्याची कुणकुण लागली. तुम्ही त्या शाखेतलं प्रत्येक खातं उघडून पाहिलं, खातेदारांचे जामीनदारही तपासले. बाकीच्या नव्व्याण्णव शाखांत मात्र ज्यानं स्वतः येऊन ‘माझं कर्ज थकलंय’ म्हणून सांगितलं त्याचंच खातं पाहिलं. महिनाअखेर तुमच्या हातात काय येणार? सगळ्या थकबाकीचा तिसरा हिस्सा एकाच शाखेचा! हा आकडा खरा. पण त्यावरून त्या शाखेचे खातेदारच बुडवे, असं तुम्ही संचालक मंडळाला सांगाल का?”

नाना हसतात, कारण बँकेत असं सांगणाऱ्याची बदली होते. ताई पुढचा हिशेब मांडतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साऱ्या देशात झालेल्या एकूण चाचण्या जेमतेम एक लाखाच्या घरात होत्या. कुणाची चाचणी करायची याचे निकष तेव्हा फार अरुंद होते: परदेशातून आलेला, बाधिताच्या निकट संपर्कातला, किंवा श्वसनाच्या गंभीर आजारानं रुग्णालयात दाखल झालेला. साध्या तापखोकल्याच्या माणसाला चाचणी मागूनही मिळत नव्हती. त्याच दिवसांत जमातीचे लोक आणि त्यांच्या संपर्कातले मिळून पंचवीस हजारांवर माणसं शोधून विलगीकरणात ठेवली होती, आणि लक्षणं असोत-नसोत, त्यांच्या चाचण्या होत होत्या. शोध घेणं चूक नव्हतं. साथीच्या शास्त्रात असंच करतात. पण मग बाधितांच्या संख्येबरोबर तपासलेल्यांची संख्याही सांगावी लागते. मरकजशी संबंधित इतके तपासले, त्यांत इतके निघाले. इतर इतके तपासले, त्यांत इतके निघाले. मंत्रालयानं अंश रोज सांगितला, छेद एकदाही सांगितला नाही. ‘इंडियन सायंटिस्ट्स रिस्पॉन्स टू कोविड-१९’ या शास्त्रज्ञांच्या गटानं नेमकं याच पक्षपाती नमुन्याकडे बोट दाखवणारं निवेदन एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच काढलं होतं. ते किती व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलं असेल याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा. आणखी एक छेद आहे. कॅबिनेट सचिव राजीव गौबा यांनी मार्चअखेर राज्यांना पत्र लिहून कळवलं होतं की १८ जानेवारी ते २३ मार्च या काळात पंधरा लाखांवर प्रवासी विमानानं देशात आले, आणि आलेले प्रवासी व प्रत्यक्ष देखरेखीखाली असलेले प्रवासी यांच्या आकड्यांत तफावत दिसते. त्या पंधरा लाखांतले किती बाधित होते हे कधीच कळणार नाही, कारण त्यांची खाती कुणी उघडलीच नाहीत.

इथं नाना एक रास्त गोष्ट बोलतात. “हे सगळं तुम्हाला आज मांडता येतंय. त्या एप्रिलमध्ये घरात कोंडलेल्या माणसाला अंश-छेद कुठला सुचणार? सरकार रोज संध्याकाळी टीव्हीवर येऊन सांगत होतं. सरकारवर विश्वास ठेवला, हा गुन्हा झाला का?” गुन्हा नाही. पण सरकारी पत्रकात एखादा रकाना कसा आखला जातो याकडे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. दिल्ली सरकारच्या रोजच्या पत्रकात बाधितांच्या एकूण आकड्याखाली ‘मरकज मशीद’ असा स्वतंत्र रकाना असे. दिल्ली अल्पसंख्याक आयोगानं हरकत घेतल्यावर तो रकाना गेला आणि त्याच्या जागी ‘विशेष मोहीम’ असं आलं. आकडा तोच, जागा तीच, आणि कोणती मोहीम हे तोवर शेंबड्या पोरालाही ठाऊक झालेलं. महाराष्ट्रातले पहिले बाधित ९ मार्चला पुण्यात सापडले. दुबईची सहल करून परतलेल्या गटातले ते प्रवासी होते. राज्याच्या पत्रकात ‘दुबई सहल’ असा रकाना महिनाभर राहिला नाही. ‘परदेश प्रवासाचा इतिहास’ असं लिहिलं जाई, आणि तेच योग्य होतं, कारण त्यात माणसाचं वर्तन येतं, त्याचं कूळ येत नाही. साथीत संसर्गाची साखळी शोधताना ठिकाणाचं नाव घ्यावंच लागतं. प्रश्न असा की नाव कधी घेतात, किती दिवस घेतात, आणि ते ठिकाणाचं नाव हळूहळू माणसांचं नाव कधी होऊन बसतं.

ताई नांदेडची आठवण काढतात. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले चार हजारांच्या आसपास शीख यात्रेकरू टाळेबंदीत तिथं अडकले. एप्रिलच्या शेवटी बसगाड्यांनी ते पंजाबात पोचले आणि त्यांच्यातले हजाराहून अधिक बाधित निघाले. संसर्ग नांदेडला झाला, वाटेत झाला की पोचल्यावर, यावरून दोन्ही राज्यांचे मंत्री एकमेकांवर ढकलत राहिले. नाना लगेच अडवतात: “ही तुलना बरोबर नाही. ते अडकले होते. मरकजवाले मनाई असताना जमले.” नानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरी ते पुरं नाही. २२ मार्चच्या जनता संचारबंदीनंतर रेल्वे थांबल्या तेव्हा मरकजमध्येही पुष्कळ जण अडकलेच होते. पण दोषाचं माप सारखं नाही हे ताई मान्य करतात. “दोष कुणाचा किती, हा मुद्दा बाजूला ठेवा. दोषी नसलेल्यांचं काय झालं ते सांगा. नांदेडच्या बातमीनंतर लुधियान्यातल्या शीख भाजीवाल्याकडची भाजी घेऊ नका, असं कुणी म्हणालं? नाही म्हणालं, आणि म्हणायलाही नको होतं. इकडे उत्तर प्रदेशातल्या देवरिया जिल्ह्यातले आमदार सुरेश तिवारी लोकांना सांगत होते की मुसलमानांकडून भाजी घेऊ नका. त्या भाजीवाल्याचा मरकजशी काय संबंध? तो दिल्लीला गेला नव्हता. तबलिगी असण्याचीही शक्यता कमी, कारण बरेलवी पंथाचे मुसलमान आणि तबलिगी यांचं एकमेकांशी किती जुळतं हे त्यांच्या मोहल्ल्यात जाऊन विचारा. पण ग्रुपवरच्या माणसाला हे भेद ठाऊक नसतात, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नाही.”

मग आला तो शब्द. ‘कोरोना जिहाद’. ‘टाइम’ नियतकालिकानं ‘इक्वॅलिटी लॅब्स’ या संस्थेच्या आकडेवारीच्या आधारे छापलं होतं की २८ मार्च ते ३ एप्रिल या आठवड्यात हा हॅशटॅग ट्विटरवर जवळपास तीन लाख वेळा आला आणि साडेसोळा कोटी लोकांच्या नजरेखालून गेला असण्याची शक्यता होती. आकड्यापेक्षाही त्या शब्दाची घडण पाहा. ‘हलगर्जीपणा’ म्हटलं की नियम मोडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याला दंड करता येतो, शिक्षा करता येते, तो सुधारूही शकतो. ‘जिहाद’ म्हटलं की हेतू येतो. विषाणू अंगात घेऊन मुद्दाम हिंडणारी माणसं, असं चित्र त्या एका शब्दानं उभं केलं. ज्या रोगानं त्या माणसांची आई, बाप, मुलंही मरणार होती, तो त्यांनीच हत्यार म्हणून निवडला, हे म्हणणं जरा थांबून पाहिलं तर मूर्खपणाचं आहे. पण एकदा हेतू चिकटवला की पुराव्यादाखल दृश्यं लागतात, आणि दृश्यांचा साठा इंटरनेटवर कधी संपत नाही.

त्यातलं एकच दृश्य जवळून बघू. पोलिसांच्या गाडीत बसलेला एक तरुण. शेजारी पोलीस. तो काहीतरी हुज्जत घालतो आणि अचानक पोलिसाच्या अंगावर थुंकतो. पाठोपाठ त्याला चोप बसतो. काही सेकंदांचा तुकडा. खाली मजकूर: जमातीचा माणूस पोलिसांवर थुंकून कोरोना पसरवतोय. प्रत्यक्षात तो व्हिडिओ मुंबईचा होता, फेब्रुवारीअखेरचा. कोर्टात हजर करायला आणलेल्या कच्च्या कैद्याला घरून आलेला डबा खाऊ दिला नाही म्हणून तो भडकला होता. निजामुद्दीनचं नाव तोवर बातम्यांत आलेलंही नव्हतं. तसेच बाकीचे. बोहरी समाजातले लोक अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून ताटं चाटून पुसून स्वच्छ करतात, त्याचा २०१८ पासून फिरत असलेला व्हिडिओ ‘भांड्यांना थुंकी लावताहेत’ म्हणून आला. सूफींच्या जिक्रमधला, म्हणजे नामस्मरणातला, श्वासाचा घोष ‘सामूहिक शिंकणं’ झाला. सहारनपूरच्या विलगीकरण केंद्रात जमातीच्या लोकांनी मांसाहार मागून गोंधळ घातला, ही बातमी खोटी असल्याचं तिथल्या पोलिसांनीच जाहीर केलं. फिरोजाबादच्या पोलिसांनी एका वाहिनीची दगडफेकीची बातमी नाकारली, रायपूरच्या एम्सनं डॉक्टरांवर थुंकल्याची. खुलासे दोन-तीन ओळींचे असत. व्हिडिओ मात्र आपल्या मार्गानं चालतच राहिले.

“ठीक, हे खोटे निघाले,” नाना म्हणतात, “पण इंदूरचं? टाटपट्टी बाखलमध्ये १ एप्रिलला तपासणीला गेलेल्या डॉक्टर बायकांवर दगड मारले, जीव घेऊन पळाल्या त्या. तो व्हिडिओ जुना नव्हता, बनावटही नव्हता.” ताईंकडे याला बगल देणारं उत्तर नाही आणि त्या देतही नाहीत. तो हल्ला झाला, लाज वाटावी असाच होता, आणि अटका झाल्या त्या व्हायलाच हव्या होत्या. त्यांचं म्हणणं इतकंच की हल्ला करणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये आधीचे काही दिवस काय येत होतं तेही पाहा. धडधाकट मुसलमानांना पकडून नेतात आणि टोचून आजारी पाडतात, असे संदेश त्या वस्त्यांत फिरत होते. “नाना, तुमच्या ग्रुपवर आला तो माल आणि त्यांच्या ग्रुपवर आला तो माल एकाच गिरणीचा. पिठाचा रंग फक्त वेगळा.” अफवेला माणूस ओळखता येत नाही हे महाराष्ट्राला तरी कुणी शिकवायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसाव्यांपैकी पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश फिरत होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदी ऐन भरात असताना, पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक तसेच मेले. पाठोपाठ या हत्येलाही तोच रंग देण्याचा प्रयत्न झाला. अखेर गृहमंत्री अनिल देशमुखांना अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. राज्याच्या गृहमंत्र्याला आरोपींच्या नावांची जातकुळी वाचून दाखवावी लागते, यातच त्या महिन्याची सगळी हवा कळते.

या हवेची किंमत किती पडली? मीरा रोडजवळच्या काशिमिऱ्यात घरपोच किराणा घेऊन आलेला मुलगा मुसलमान आहे हे कळताच एका ग्राहकानं सामान परत पाठवलं. पोलिसांनी त्या ग्राहकाला पकडलं. मेरठच्या एका खासगी कर्करोग रुग्णालयानं वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली की मुसलमान रुग्णांनी चाचणीचा निगेटिव्ह अहवाल असल्याशिवाय येऊ नये. पुढे माफी मागितली. ही उघड झालेली उदाहरणं. न दिसलेली किंमत मालेगावसारख्या गावांनी मोजली. तिथं एप्रिलमध्ये साथ शिरली तेव्हा बरेच खासगी दवाखाने बंद झालेले, आणि घरोघर पाहणीला येणाऱ्यांना लोक आतली माणसं सांगायला तयार नव्हते. राष्ट्रीय नागरिकत्व नोंदणीची (एनआरसी) धास्ती अजून ताजीच होती. नावं लिहून घेणारा प्रत्येक माणूस यादी करणारा वाटत होता. त्यात आपला माणूस बाधित निघाला तर उद्या टीव्हीवर आपल्या गल्लीचं काय होईल, ही भीती. म्हणून लोक ताप अंगावर काढत राहिले, दम लागला तेव्हा धावले, आणि मालेगावच्या कब्रस्तानांत त्या महिन्यात नेहमीपेक्षा किती तरी जास्त माती झाली. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं की कलंकाच्या भीतीनं लोक उशिरा येताहेत आणि त्यामुळं मृत्यू वाढताहेत. साथीच्या हिशेबात हा मुद्दा भावनेचा नाहीच. रोग शोधायचा तर रोगी स्वतःहून पुढं आला पाहिजे, आणि ज्याला गुन्हेगार ठरवलंय तो स्वतःहून पुढं येत नाही. बदनामीनं बाकीचे सुरक्षित झाले असते तर निदान निर्दय का होईना एक हिशेब लागला असता. तसं झालं नाही. विषाणू मोहल्ल्याच्या वेशीवर थांबत नव्हता.

इथं एक बाजूची गोष्ट. या बदनामीला उत्तर म्हणून बरे झालेल्या जमातवाल्यांनी प्लाझ्मा दिल्याच्या, कब्रस्तानांतल्या स्वयंसेवकांनी हिंदूंच्या मृतदेहांना अग्नी दिल्याच्या बातम्या आल्या. त्या खऱ्या होत्या आणि सुंदरही होत्या. पण भाजी विकायला आधी कुणाला तरी खांदा देऊन दाखवावा लागतो, ही अट इतर कुणालाच नव्हती. त्या बातम्या वाचून डोळे पुसणारे हे विसरत होते.

नाना आता वेगळ्या वाटेनं येतात. “तुम्ही पुढं कुंभमेळा काढणार, मला माहीत आहे.” ताई काढतातही, पण एका वाक्यात: एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट चढत असताना, हरिद्वारला लाखांनी शाही स्नान केलं, आणि मुख्यमंत्री तीरथसिंह रावत म्हणाले की त्याची मरकजशी तुलना करू नका. त्यांना कुंभाचा हिशेब चुकता करायचा नाही. त्यांचं उदाहरण जुनं आहे आणि ते नानांच्या घरातलं आहे. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. आदल्या वर्षी मक्केत पटकीनं हजारो हाजी मेले होते आणि साथ युरोपभर गेली होती. त्या परिषदेत हज यात्रा आणि भारतातल्या हिंदूंच्या यात्रा, दोन्ही एकाच टोपलीत पडल्या. काही वर्षांनी, १८७२ मध्ये, विल्यम हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ओडिशावर लिहिताना पुरीच्या जगन्नाथाच्या यात्रेकरूंचं जे वर्णन केलं त्याचा मथितार्थ असा की या गलिच्छ गर्दीतून उठलेला रोग उद्या व्हिएन्ना, लंडन किंवा वॉशिंग्टनच्या कर्तबगार माणसांचा बळी घेईल. पंढरपूरची यात्राही त्या नजरेतून सुटली नाही. “आता बघा,” ताई म्हणतात, “यात्रेत पटकी पसरायची हे खोटं होतं का? अजिबात नाही. पाण्यातून पसरायची, यात्रेत पाणी घाण व्हायचं, आणि परतणारी दिंडी रोग गावोगाव न्यायची. अंश खराच होता. पण यातून इंग्रजांनी निष्कर्ष काढला तो घाणेरड्या, आडमुठ्या, जगाला धोका असलेल्या हिंदूबद्दलचा. तुमच्या पणजोबांनी माळ घालून वारी केली असेल तर त्या फायलीत तुमचे पणजोबा आहेत, नाना. त्यांचा गुन्हा काय, तर ते एका गर्दीत होते. बरं, ज्यांचा उपाय शेवटी लागू पडला त्यांनी काय केलं? वारकऱ्याचा धर्म बघितला नाही, पाण्याची टाकी बघितली.” नाना यावर बराच वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात की २०२० साली वारी थांबवली आणि पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, वारकऱ्यांनी ते निमूटपणे मानलं. ते त्यांनी मानलं, आणि मोठ्या मनानं मानलं. पण जूनअखेरपर्यंत सगळ्यांनाच साथ कळली होती. मार्चच्या मध्यावर देशात कुणालाच कळलेली नव्हती.

राहता राहिला आपला सामान्य माणूस, ज्यानं यातलं काही रचलं नाही. “मी फक्त पुढं पाठवलं,” हे नानांचं शेवटचं ठाण. खाली ‘आलं तसं पाठवलं’ असं लिहिलेलंही असतं. ताई पुन्हा बँकेत शिरतात. “कुणी तुमच्या नावानं लिहिलेला धनादेश तुम्ही पाठीमागं सही करून तिसऱ्याला दिलात, तर न वटल्यास तो तिसरा तुमच्याकडे येतो की नाही? तिथं ‘मी फक्त पुढं दिला’ चालतं का? नाही. कारण त्यानं धनादेश घेतला तो तुमची सही पाहून, मूळ लिहिणाऱ्याला तो ओळखतही नव्हता. ग्रुपवरही तेच होतं. भाच्यानं विश्वास ठेवला तो अनोळखी ट्विटर खात्यावर नव्हे, नानामामावर.” आणि हे कंपन्यांनाही कळत होतं. ७ एप्रिल २०२० रोजी व्हॉट्सॲपनं जास्त वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवता येईल, अशी मर्यादा घातली; तीन आठवड्यांत कंपनीनं सांगितलं की असे संदेश पाठवण्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांनी घटलं. एका बोटाचा त्रास वाढवला तर सत्तर टक्के घट! यावरून त्या संदेशांवरचा विश्वास किती खोल होता हे कळतं. फेसबुकचं तर २०२१ मध्ये बाहेर आलेल्या त्यांच्याच अंतर्गत कागदपत्रांतून दिसलं की भारतातला मुसलमानविरोधी मजकूर बराचसा पकडलाच जात नव्हता, कारण हिंदी आणि बंगाली ओळखणारी यंत्रणा अपुरी होती. सर्वांत मोठी बाजारपेठ, आणि तिथली भाषा दुकानदाराला येत नाही.

न्यायालयांचं काय, असं नाना विचारतात. खटले भरलेले जमातवाले तांत्रिक कारणांवर सुटले असतील, असं त्यांना वाटतं. २१ ऑगस्ट २०२० चा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल तांत्रिक नव्हता. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात नोंदवलेले, २९ परदेशी आणि सहा भारतीयांवरचे गुन्हे रद्द करताना न्या. टी. व्ही. नलावडे यांनी लिहिलं की संकट आलं की सरकार बळीचा बकरा शोधतं आणि या परदेशी नागरिकांची तशी निवड झाल्याची शक्यता परिस्थितीवरून दिसते. माध्यमांतल्या प्रचारावरही त्यांनी कोरडे ओढले. त्याच खंडपीठातले न्या. एम. जी. सेवलीकर यांना यातली काही निरीक्षणं मान्य नव्हती आणि त्यांनी तसं नोंदवलं. गुन्हे रद्द व्हावेत यावर मात्र दोघांचं एकमत होतं. १५ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीच्या न्यायालयानं खटल्याला सामोरं जायचं ठरवलेल्या ३६ परदेशी नागरिकांना निर्दोष सोडलं. परदेशी पाहुण्यांना आसरा दिला म्हणून सत्तर भारतीयांवर लावलेली सोळा आरोपपत्रं दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली ती जुलै २०२५ मध्ये, पाच वर्षांनी. आणि नानांना न्यायालयं नको असतील तर ताईंकडे दुसरं नाव आहे. २६ एप्रिल २०२० च्या भाषणात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले होते की काही जणांच्या चुकीसाठी साऱ्या समाजाला दोष देऊ नये.

“हे भागवतांचं मी ऐकलं होतं,” नाना म्हणतात.

“पुढं पाठवलं होतं?”

नाना या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. थोड्या वेळानं म्हणतात, “पण त्या मरकजच्या मौलानाला मी सोडणार नाही, ताई. त्यानं वेळीच दारं उघडून सरकारला सांगायला हवं होतं.”

“नका सोडू. त्यांचं नाव मौलाना साद. त्यांचं नाव घेऊन विचारा.”

“आणि ठाणेदाराचं?”

“त्याचंही.”